लेखकाशी पाच तास गप्पा कशाला हव्यात?

ठाण्याची_वाचक: ‘लेखकाचं जे असतं ते पुस्तकात असतं, तासन्‌तास मुलाखती ऐकणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. अमित वर्मांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा मुलाखतींचा पॉडकास्ट ऐकलाय का कधी? २०१७मध्ये सुरू झाला तेव्हा भाग छोटेखानी असायचे, आता चार-पाच तास सहज जातात आणि तेच त्याचं बळ आहे. लेखिका शांता गोखल्यांचा भाग लावा. पहिल्या तासात कुठलाही लेखक ठरलेली उत्तरं देतो. ती संपली की खरा बोलू लागतो. आपल्याकडे प्रकाशन समारंभात अर्धा वेळ सत्कारात जातो आणि मुलाखतकाराने मलपृष्ठापलीकडे काही वाचलेलं नसतं!

कोथरूडकरीण: पोस्ट माझीच. नोकरी, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं यातून पाच तास मिळाले तर मी पुस्तकच वाचेन. कात्री लावणं हेही मुलाखतकाराचंच काम आहे.

लोकलवाला: बदलापूरच्या गाडीत उभ्याने पुस्तक उघडून दाखवा. मी जाता-येता ऐकतो, दीडपट वेगाने. दोन-तीन दिवसांत भाग संपतो.

मास्तर६२: दीडपट? माणूस उत्तर देण्याआधी थांबतो, तेच ऐकायचं असतं. त्यापेक्षा ऐकूच नका.

लोकलवाला: मास्तर, मी काय आणि कसं ऐकायचं ते तुम्ही ठरवणार? तुमची पेन्शन आहे, वेळ आहे. माझ्याकडे गाडीतला वेळ तेवढा आहे. वेग वाढवला नाही तर माझ्या वाट्याला काहीच येणार नाही.

मास्तर६२: पेन्शन काढायची गरज नव्हती. माझ्या वडिलांची एक कॅसेट आहे. गिरणीच्या संपाबद्दल विचारल्यावर ते बराच वेळ गप्प आहेत. ती जागा मी वेगाने पळवू?

लोकलवाला: वडिलांची गोष्ट वेगळी. तिथे मीही पळवणार नाही. लेखकाचं मात्र पळवणार.

कोथरूडकरीण: वेगावरून भांडून झालं असेल तर ऐका. काल रात्री भांडी घासताना जेरी पिंटोंचा भाग लावला. दया पवारांचं ‘बलुतं’ इंग्रजीत नेणारा माणूस बोलतोय म्हणून तासभर ऐकलं. चांगलं होतं, बास. पण हे सगळं इंग्रजीत. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर मराठी कादंबऱ्या वाचल्या, त्यांनी काय ऐकायचं?

ठाण्याची_वाचक: तो राग रास्त आहे. पण तो वर्मांवर का काढता? आपल्या लेखकांची सगळी पुस्तकं वाचून त्यांच्यासमोर पाच तास बसायला आपल्यातलं कोण तयार आहे, ते आधी सांगा.