एकाच सेंद्रिय शेतावर पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिन्ही पाहिलेत का कुणी? अनुभव लिहा

रानजाई
काल माळा आवरताना जुनी कापडी पिशवी सापडली. तळाशी वालाच्या दोन सुकलेल्या शेंगा आणि चिमूटभर लाल माती. हातातलं काम तसंच राहिलं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा घरं मिळून मुळशीतल्या एका दादांकडून दर आठवड्याला भाजी घ्यायचो. दादांची एकच अट, वर्षातून तीनदा तरी शेतावर यायचं, नुसतं थंडीत सहलीला नाही.

पहिल्यांदा गेलो आषाढात, भाताच्या आवणीला. चिखलात खतासाठी गिरिपुष्पाचा पाला तुडवलेला. वहिनी वाकून रोपं लावत मागे मागे सरकत होत्या. रोप उथळ लावायचं, खोल खुपसलं की फुटवे कमी येतात, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं.

थंडीत त्याच खाचरात भाताच्या ओलीवर वाल आणि हरभरा. गोठ्याशेजारी जीवामृताचा, म्हणजे पिकाला घालायच्या आंबवलेल्या खताचा पिंप: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. गोणपाट उचललं की आंबूस वास यायचा आणि वर बारीक बुडबुडे दिसायचे. तिथे असलो की माझा लेक सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

पण मनात घर करून आहे ती वैशाखातली खेप. विहीर तळाला गेलेली. पिशवीत सलग तीन आठवडे लाल भोपळा, कांदे, कैऱ्या. पाच घरांनी भाजी बंद केली. कोथिंबिरीची काडी नाही आणि पैसे कसले घेता, असं एकीने फोनवर ऐकवलं होतं. त्या रविवारी वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत त्याबद्दल. वांग्याच्या सरीत नेलं आणि वाळक्या पाल्याचं आच्छादन बाजूला केलं. वर पाय भाजत होते आणि खाली माती गार, ओलसर, दोन गांडुळं वळवळत आत गेली. तेव्हापासून मी त्यांच्याकडे भाजीची यादी पाठवणं बंद केलं.

लिहा तुम्हीपण. उन्हाळ्यातलं कुणीच सांगत नाही, ते आधी लिहा.

आगटी
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. आमचा नगरकडचा मळा, दरवर्षी पौषात हुरड्याला माणसं यायची. गूळभेंडी ज्वारीची कणसं आगटीत भाजायची, हातावर चोळायची, लसणाची चटणी, दही. तेच लोक जूनमध्ये कधीच आले नाहीत. वडील पेरणी झाल्यावर आभाळाकडे बघत ओट्यावर बसायचे, तो ऋतू आम्ही एकट्यानेच पाहिला.

शिट्टी झाली.

मांजरा काठ
आगटीताई, डोळ्यात पाणी आलं बघा. आमच्या लातूरकडं वेळ अमावस्येला सगळा गाव रानात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील. पाहुणे म्हणतात काय हिरवंगार! आणि त्याच रानात चैत्रात गेलं की नुसत्या भेगा. आम्ही रासायनिक सोडलं तेव्हा पहिली दोन वर्षं उतारा चांगलाच घटला. भावकीनं ऐकवायचं तेवढं ऐकवलं. तिसऱ्या वर्षी तूर उभी राहिली, तेव्हा आईनं बांधावर नारळ फोडला.

चहाबाज
मुळशीतला तांदूळ कोणता होता? इंद्रायणी का?

रानजाई
हो, इंद्रायणी. थोडा आंबेमोहर घरच्यापुरता.

चहाबाज
इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा वाण, १९८७ सालचा. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. माझे काका तिथून बियाणं आणायचे. त्यांची सायकल, मागे पोतं, वर मी. विषय सोडून गेलो, पण आठवलं.

आगटी
अहो असंच सोडून जा, छान वाटतं वाचायला.

न्यूजर्सीकर
इकडे आम्ही शेताचा हंगामी वाटा घेतो, पैसे वसंतातच भरायचे, मग जूनपासून दर आठवड्याला टोपली. जूनमध्ये लसणाचे हिरवे वळलेले दांडे आले, इथल्या लोकांना कुरकुरीत परतून आवडतात. मी खलबत्त्यात मिरची घालून ठेचा केला, शेतावरच्या बाईंना डबीभर नेऊन दिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला दांड्यांची जुडी जास्तीची दिली! हिवाळ्यात शेत बर्फाखाली. नोव्हेंबरात शेवटची टोपली घेऊन निघताना दर वर्षी गलबलतं.

मांजरा काठ
ठेच्यानं सातासमुद्रापार सोयरीक जुळवली म्हणायची 😄

शेवंती
आमच्या शेजारच्या वावरात फवारणी असली की वारा आमच्याकडे. बांधाला शेवरी आणि तूर दाट लावली, तरी काळजी असतेच. कुणाचा काही उपाय?

तांबडी माती
शेवंतीताई, बांधाकडच्या दोन-तीन ओळी वेगळ्या काढा, त्यातलं सेंद्रिय म्हणून विकू नका. आम्ही तसंच करतो. आणि शेजाऱ्याशी बोलून ठेवा, सकाळी वारा पडलेला असताना फवारा म्हणावं. आमचा ऐकतो.

बाकी पावसाळ्यात जायचं तर टाकळा, कुर्डू, भारंगीसाठी जा. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत टाकळा कोवळा असतो, नंतर चिवट.

शेवंती
बोलून बघते. वहिनी चांगल्या आहेत त्यांच्या, आधी त्यांच्याशीच बोलेन.

न्यूजर्सीकर
भारंगी! दहा वर्षं झाली खाऊन. आई दोनदा उकळून पाणी काढायची.

आगटी
वरण-भात झाला, परत आले. रानजाई, त्या शेंगा टाकल्या नाहीस ना?

तांबडी माती
इतकं जुनं बी उगवणं अवघड. पण ओल्या फडक्यात बांधून बघा, चार-पाच दिवसांत कळेल.

रानजाई
बांधलेत. सात दाणे निघाले, एकाला भुंग्याने पोखरलं होतं, ते काढून टाकलं. फडकं ओट्यावर ठेवलंय. लेक आता कॉलेजात आहे, सकाळी उठल्यावर त्यानेच पाणी शिंपडलं.