मदत हवी आहे : मानहानीच्या नोटिशीला उत्तर कसं द्यावं?

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीच्या नळपाणी योजनेचं बिल माहिती अधिकारात मिळवून व्हॉट्सॲप गटावर टाकलं. सोबत एकच ओळ: ‘बिलात 90 मीटर पाइप, जागेवर 60.’ आता सरपंचांची नोटीस आली आहे: 15 दिवसांत माफी मागा, नाहीतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर) आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 356 (मानहानी) लावू.

66अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच रद्द केलंय, ते सोडा. प्रश्न 356चा. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य त्याच्या अपवादात बसतं. बिलाची प्रमाणित प्रत आहे, कातळावरच्या उघड्या पाइपला टेप लावून काढलेले फोटो आहेत. ‘खाल्ले’, ‘चोर’ असे शब्द कुठेच नाहीत. पोस्ट काढलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1994च्या राजगोपाल निकालानुसार ग्रामपंचायतीला संस्था म्हणून भरपाईचा दावा लावता येत नाही, पण नोटीस सरपंचांच्या वैयक्तिक नावाने आहे. मग उत्तरासोबत पुरावे आत्ताच जोडावेत, की न्यायालयासाठी राखून ठेवावेत?