अरबी समुद्रातला लो वडोदऱ्याकडे येतोय का? तळमजलावाल्यांनी काय करावं?

समा_तळमजला | गुरुवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. अरबी समुद्रात जो लो, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र, झालाय त्याचं डिप्रेशन (म्हणजे त्याहून जोरदार) होणार आणि तो गुजरातकडे वळणार असं परवापासून सगळीकडे चाललंय. मी विंडी या हवामानाच्या साइटवर रविवारची रात्र लावून बघितली तर खंभातच्या तोंडाशी लालजांभळा गोळा आणि त्याची शेपटी बरोब्बर वडोदऱ्यावर. तेव्हापासून दुसरा गोळा माझ्या पोटात.

आमचं घर वडोदऱ्यात समाला, विश्वामित्री नदीपासून चालत सात मिनिटं, तळमजला. २०२४ च्या ऑगस्टात छातीएवढं पाणी होतं, फ्रिज तरंगत येऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा अडकला आणि आम्ही दोन रात्री वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. भिंती दोनदा रंगवून झाल्या पण लाकडी कपाटाच्या पाठीवर ती पिवळी रेघ अजून आहे, मुलगा तिथे पाठ लावून उंची मोजतो, या वर्षी रेघेच्या वर गेला म्हणून खूश आहे.

आता सोमवारी कोजागिरी. सोसायटीचं दूध गच्चीवर असतं, चाळीस लिटर सांगून झालंय. सासूबाई म्हणतात गव्हाची कोठी आजच माळ्यावर चढवा, नवरा म्हणतो ऑक्टोबरात कधी पूर येतो का. कुणाचं ऐकू? आणि हो, फोनमध्ये बॅरोमीटरचं ॲप टाकलंय, आज सकाळी दहाला हवेचा दाब १००५ होता आणि दुपारी चारला १००१. चार मिलिबार पडलं! हे वादळाचंच लक्षण ना?

---

विंडी_वेडा | गुरुवार, रात्री ११.०५

ताई गोळा मी पण बघितला 🔥🔥 जीएफएस या अमेरिकन मॉडेलच्या संध्याकाळच्या रनमध्ये तर सरळ भरूचवर लँडफॉल आहे, म्हणजे तिथेच किनाऱ्याला धडक, युरोपियन मॉडेल मात्र अजून सौराष्ट्राच्या खालीच घोटाळतंय. मी आज जागणार, नवीन रन रात्री उशिरा येईल. आणि हा बघा मित्राने पाठवलेला आजचा सॅटेलाइट फोटो, काय डोळा आहे राव!!

---

जिन्यातला_बॅरोमीटर (रावपुरा) | शुक्रवार, सकाळी ६.५०

आधी फोटोचं मिटवतो. वेड्या, तो फोटो आजचा नाही, तो तौक्ते वादळाचा आहे, मे २०२१ चा, खाली कोपऱ्यात तारीख होती ती कुणीतरी कापलीय. लोला डोळा नसतो रे. डोळा दिसायला साधारण तासाला ११८ किलोमीटरच्या वरचं तगडं वादळ लागतं, डिप्रेशन म्हणजे ३१ ते ४९, त्यानंतर डीप डिप्रेशन, आणि ६२ ला पोचलं की मग कुठे चक्रीवादळ म्हणून बारसं होतं. आपला पाहुणा अजून पाळण्यात पण नाही. इन्सॅट उपग्रहाचे फोटो बघायचे तर हवामान खात्याच्या साइटवर बघ, आणि त्यावरची वेळ यूटीसीत असते, साडेपाच तास मिळवायचे, नाहीतर पहाटेचा ढग दुपारी शोधत बसशील.

आता समावाल्या ताई. तुमचे चार मिलिबार रोज पडतात. खरंच. समुद्राला जशी भरती-ओहोटी तशी हवेला पण असते, सूर्याच्या तापण्यामुळे अख्खं वातावरण दिवसातून दोनदा फुगतं आणि ओसरतं, म्हणून आपल्याकडे दाब सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात वर आणि दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री पुन्हा तेच. आमच्या जिन्यात वडिलांनी शुक्रवारी बाजारातून जुना घेतलेला बॅरोमीटर आहे, पितळी, काच एका बाजूला तडकलेली. लहानपणी मी पण दुपारी चारला काटा बघून "वादळ आलं" म्हणून ओरडायचो, आजी म्हणायची रोज चहाच्या वेळेलाच कसं येतं रे तुझं वादळ. बघायचं ते काल चार आणि आज चार. काल दुपारपेक्षा आज दुपारी दोन-तीनने कमी, उद्या अजून कमी, असं झालं तर मला हाक मारा. आणि तुमचे १००५ बघून घाबरू नका, वडोदरा समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटर वर आहे, दर आठ-साडेआठ मीटरला एक मिलिबार कमी होतो, फोन तो हिशेब करत नाही.

अजून एक बिनखर्चाचं. गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा, कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला असतं. मी आत्ता उभा राहून आलो, वारं आग्नेयेकडून आहे, थोडंच आहे पण आहे, म्हणजे डावा हात नैऋत्येला, म्हणजे लो जिथे असायला हवा तिथेच आहे.

मुख्य मुद्दा चहा घेऊन लिहितो.

---

जिन्यातला_बॅरोमीटर (रावपुरा) | शुक्रवार, सकाळी ७.४०

हं. तर समुद्राकडून जी वादळं आपल्याला घाबरवून गेली ती आठवा. २०१७ च्या डिसेंबरात ओखी, सुरतेवर येणार म्हणून निवडणुकीच्या सभा रद्द झाल्या, किनाऱ्याशी येईपर्यंत त्यात काही उरलं नव्हतं. २०१९ च्या दिवाळीत क्यार, अरबी समुद्रातलं सुपर सायक्लोन, ते तिकडे पश्चिमेला निघून गेलं. लगेच मागून नोव्हेंबरात महा, ते मात्र वळलं आपल्याकडे, दीवचं नाव घेऊन चार दिवस टीव्हीवर नुसता गोंधळ, आणि आलं तेव्हा दम संपलेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे असंच होतं बहुतेक वेळा, कारण उत्तरेकडून कोरडी हवा यायला लागलेली असते, वरच्या थरातलं वारं वेगळ्याच दिशेचं, ते ढगांचा माथा एकीकडे ओढतं आणि पाय एकीकडे राहतात. अपवाद आहेतच, पण तौक्ते मे महिन्यातलं होतं आणि बिपरजॉय जूनमधलं.

आता आपण बुडलो ते आठवा. ३१ जुलै २०१९, एका दिवसात वीसेक इंच. वादळ कुठलं? कुठलंच नाही. २०२४ चा ऑगस्ट तर अजून भारी. ते डीप डिप्रेशन समुद्राकडून आलंच नव्हतं, पूर्वेकडून जमिनीवरून मध्य प्रदेश ओलांडून आलं, रमतगमत. आपल्यावर २६ ऑगस्टला धो धो ओतलं, पाणी चढलं, तुमचा फ्रिज तरंगला, मग ते कच्छवरून समुद्रात उतरलं आणि ३० तारखेला त्याला असना नाव मिळालं. म्हणजे आपल्याला बुडवणाऱ्याचं बारसं आपण बुडाल्यावर झालं! ऑगस्टात अरबी समुद्रात चक्रीवादळ हे १९७६ नंतर पहिल्यांदा, म्हणून हवामानवाले त्यावर तुटून पडले, आणि आपण इथे बादल्यांनी चिखल काढत होतो.

तेव्हा ताई, विंडीवरचा गोळा सोडा. नावही सोडा. तीन गोष्टी विचारा स्वतःला: तो चालतोय किती हळू, पाऊस पावागडच्या बाजूला पडतोय का, आणि आजवा तलावाची पातळी काय. विश्वामित्री पावागडातून येते, तुमच्या डोक्यावर पडलेला पाऊस रस्त्यावर गुडघाभर साचेल आणि उतरेल, पण घरात छातीएवढं येतं ते नदीचं, म्हणजे वरून आलेलं. नवऱ्याचं अर्धं बरोबर, ऑक्टोबरात सहसा पूर नसतो. पण पावसाळ्याच्या शेवटी आजवा भरलेलं ठेवतात, पिण्याचं पाणी आहे ते, त्यामुळे वर मोठा पाऊस झाला तर सामावून घ्यायला जागा कमी. आजव्याचं पाणी आणि काळा घोडा पुलावरची नदी, हे दोन आकडे जाहीर होत असतात. पुलावर २५-२६ फूट म्हणजे धोका, २०२४ ला ३५ च्या वर गेली होती. काल रात्री दहा फुटांच्या आत होती. २०२५ च्या उन्हाळ्यात गाळ काढून पात्र रुंद केलंय, त्याचाही थोडा हात.

गहू मात्र चढवा. पावसासाठी नाही, सासूबाईंसाठी.

---

छप्पन_दुकान (इंदूर) | शुक्रवार, सकाळी ९.१५

म्हणजे काका, तुम्हाला बुडवणारा माल आमच्याकडूनच येतो म्हणायचा 😄 सध्या इथे लख्ख ऊन आहे, पोहे-जलेबी चालू आहे, इकडून काही पाठवत नाही, निर्धास्त राहा.

---

विंडी_वेडा | शुक्रवार, दुपारी १२.३०

काका सॉरी, फोटो काढून टाकला. सकाळच्या रनमध्ये भरूच गायब!! आता म्हणतंय वेरावळच्या दक्षिणेला येऊन विरणार. बारा तासांत तीनशे किलोमीटर सरकवलं. असं कसं?

---

जिन्यातला_बॅरोमीटर (रावपुरा) | शुक्रवार, दुपारी १.१०

अरे जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं आणि सोळा दिवस पुढचं चित्र काढतं, त्याला काढायला काय जातंय. केंद्रच नीट जमलेलं नसताना सुरुवातच पन्नास-शंभर किलोमीटर इकडेतिकडे होते, मग चार दिवसांनी ते भरूच असेल नाहीतर ओमान. एका रनवर जीव टाकू नकोस, चार रन सारखं बोलले की कान दे. आणि मुळात खात्याचं बुलेटिन वाच, त्यात "भारी" म्हणजे ६४.५ मिलिमीटरच्या वर, "अति भारी" ११५.६ च्या वर, हे शब्द मोजून वापरलेले असतात, आपण मात्र दोन्हीला "तुफान पाऊस" म्हणतो.

---

भात_डभोई | शुक्रवार, रात्री ९.५५

सगळ्यांचं वाचून करमणूक झाली, राग नका मानू. मी राहतो मांजलपूरला पण वडिलांची जमीन डभोईकडे आहे, तिथे भात कापून आडवा पडलाय, निम्मा. तुम्ही म्हणता फुसका गेला तर बरं, माझ्यासाठी फुसका पण पुरतो. पुराला दहा इंच लागतात, आडव्या भाताला एक इंच बस्स, दोन दिवस ऊन नाही आलं की लोंबीतच कोंब. मला ट्रॅक नको, लँडफॉल नको, फक्त एवढं सांगा की रविवारी पाणी पडणार का, कारण मजूर उद्याच मिळतायत, झोडणी रविवारी धरली होती, आता उद्या जेवढं होईल तेवढं उचलून झाकायचं का?

---

जिन्यातला_बॅरोमीटर (रावपुरा) | शुक्रवार, रात्री १०.२०

झाका. मी जे लिहिलं ते पुराबद्दल होतं, तुमच्यासाठी नाही ते. केंद्र लांब राहिलं तरी त्याच्या उजव्या बाजूचे ढग आत फेकले जातात, गडगडाटी मावठं रविवारी संध्याकाळपासून धरून चाला, १० ते ४० मिलिमीटर कुठेही, शेजारच्या गावात कोरडं आणि तुमच्याकडे धुऊन काढेल असं. ढीग बांधावर उंचावर करा, ताडपत्रीखाली हवा खेळती राहू दे, घट्ट गुंडाळलंत तर आतून तापेल. पण हे तुम्हाला मी काय सांगणार.

---

समा_तळमजला | शनिवार, संध्याकाळी ५.३०

काका, काल चारला १००१.२, आज चारला ९९९.८. कमी झालंय ना? आणि गच्चीवर उभी राहिले होते वाऱ्याकडे पाठ करून, खालून वॉचमन विचारतो मॅडम काय शोधताय. गहू चढवला. फ्रिजखाली विटांचा अजून एक थर दिला. कोजागिरीला पौर्णिमेची मोठी भरती असते म्हणून नदी मागे फुगते असं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय, ते खरं का?

---

जिन्यातला_बॅरोमीटर (रावपुरा) | शनिवार, संध्याकाळी ६.१५

व्वा, शिकलात! माझ्याकडे पण दीडेक मिलिबार उतरलंय, म्हणजे केंद्र जवळ सरकतंय पण घाई नाही. भरतीचं अर्धसत्य. खंभातच्या आखातात देशातली सगळ्यात मोठी भरती येते हे खरं, पण विश्वामित्री आधी ढाढरला मिळते आणि ढाढर आखातात जाते, त्या मुखाकडच्या गावांना भरतीचा त्रास, तुमच्या समापर्यंत ती काही चढून येत नाही. ग्रुपवर हे लिहिलंत तर तुम्हालाच ॲडमिन करतील, जपून.

---

विंडी_वेडा | सोमवार, सकाळी ९.००

रात्री साडेअकराला काय कडकडाट झाला!! मी बादली ठेवली होती गच्चीवर, चार बोटं पाणी, म्हणजे तीन इंच पाऊस!!

---

जिन्यातला_बॅरोमीटर (रावपुरा) | सोमवार, सकाळी ९.२०

बादली वर रुंद आणि खाली निमुळती, रुंद तोंडातून पडलेलं अरुंद बुडात मोजलंस, आणि पन्हाळीचं पाणी किती उडालं ते वेगळंच. सरळ भिंतीचा डबा ठेव, उघड्यावर, भिंतीपासून लांब, आणि रोज सकाळी साडेआठला मोज, खातं पण तेव्हाच मोजतं. माझ्याकडे २१ मिलिमीटर. इंचालाही पोचला नाही. लो सौराष्ट्राच्या खाली घोटाळून विरघळतोय, दाब रात्रीपासून वर.

---

समा_तळमजला | सोमवार, रात्री ११.५०

नदी साडेअकरा फुटांवर, आजवा आहे तिथेच. गच्ची ओली म्हणून दूध खाली पार्किंगमध्ये आटवलं, ढगातून चंद्र पाच मिनिटं आला तेव्हा सगळे पातेलं उचलून कंपाउंडच्या मध्यात पळाले, आणि त्यात निम्मं केशर सांडलं. नवरा म्हणतोय बघ सांगितलं होतं. सासूबाई म्हणतायत गहू आता दिवाळीनंतर खाली काढू.

@भात_डभोई, तुमच्याकडे काय झालं?

---

भात_डभोई | मंगळवार, सकाळी ६.०५

३८ मिलिमीटर, सरळ डब्यात मोजलं काका. शनिवारी सहा बिघ्यांपैकी चार उचलले, दोन राहिले. आत्ता शेतावरच आहे, खालच्या पेंढ्या उपसून बघितल्या, काळ्या पडायला लागल्यात, कोंब अजून नाही. आज ऊन येईल का आणि किती वाजता?

---

जिन्यातला_बॅरोमीटर (रावपुरा) | मंगळवार, सकाळी ६.२०

वारं रात्री फिरलं. कोयलीच्या रिफायनरीच्या चिमण्यांचा धूर आता आमच्याकडे झुकलाय म्हणजे वायव्येचं आहे, कोरडं. आकाश मोकळं, ऊन कडक येणार. पण आज दव भरपूर असेल, दहाच्या आत ताडपत्री काढू नका, आणि चारला परत झाका.