मदत हवी आहे : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना हिजामा (कातडीवर कप लावून रक्त ओढण्याचा उपचार) करावा का?

नमस्कार. आम्ही मिरजेचे. माझ्या अब्बांना जुना मधुमेह आहे आणि गेल्या वर्षी स्टेंट बसवल्यापासून त्यांना अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल चालू आहे. पाठ आणि खांदे सारखे भरून येतात, म्हणून येत्या चांदच्या (इस्लामी चांद्र महिन्याच्या) १७ तारखेला हिजामा करून घ्यायचा असे त्यांनी ठरवले आहे.

त्यांच्या श्रद्धेशी माझा वाद नाही, ती माझीही आहे. मध, हिजामा आणि डागणी यांत शिफा (आजारातून बरे होणे) असल्याची हदीस (पैगंबरसाहेबांचे वचन) सहीह बुखारी या हदीस-संग्रहात आहे, पैगंबरसाहेबांनी अबू तैबा या हिजामा करणाऱ्याकडून हिजामा करवून घेऊन त्यांना मोबदला दिल्याचेही त्यात येते, आणि हिजाम्यासाठी १७, १९ व २१ या तारखा अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात आहेत. तुंबडी लावणे तर आपल्या गावांतही जुनेच.

काळजी वेगळीच आहे. ओल्या हिजाम्यात कप लावून कातडी फुगवतात, तिच्यावर ब्लेडने बारीक चिरे देतात आणि पुन्हा कप लावून रक्त ओढतात. या गोळ्यांवर असलेल्या माणसाचे रक्त लवकर थांबत नाही, शिवाय मधुमेहात जखम चिघळते. एका शिबिरात प्लॅस्टिकचे कप एकाच टबातल्या पाण्यात विसळून पुढच्या माणसाच्या पाठीवर लावलेले मी पाहिले आहेत. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा (हिपॅटायटिस बी, सी) विषाणू अशाने पसरू शकतो. तिथे अब्बांना 'चार दिवस गोळ्या बंद ठेवा' असेही सांगण्यात आले. हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता त्या बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो, हे ऐकून तर मला झोप लागत नाही.

वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा नुकसानीला जबाबदार असतो, अशीही हदीस अबू दाऊद यांच्याकडे आहे. ती घरी वाचून दाखवली, तेव्हा अब्बा प्रथमच थोडे थांबले.

सांगली-मिरजेत बीयूएमएस (युनानी वैद्यकाची) पदवी असलेले, प्रत्येकाला नवे कप व नवे ब्लेड वापरणारे आणि हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय हात न लावणारे कोणी हकीम आपल्या माहितीत आहेत का? गोळ्या चालू ठेवून बिनचिऱ्यांचा कोरडा हिजामा करणे सुरक्षित आहे का, की तेवढ्यानेही रक्त साकळते? आणि आजारपणामुळे हिजामा पुढे ढकलल्यास सुन्नत (पैगंबरसाहेबांची रीत) सोडल्याचा दोष लागत नाही, हे एखाद्या आलिमांकडून (धर्माच्या जाणकारांकडून) अब्बांना समजावून सांगता येईल का? चांदची १७ तारीख जवळ आली आहे, म्हणून लवकर उत्तर मिळाल्यास फार उपकार होतील.