३४० एमबीच्या डिस्कवर ईएक्सई फाइली दाबून (कॉम्प्रेस करून) जागा सुटते का?

जुना४८६:
डॉस ६.२२, ३४० एमबीची एकच सी ड्राइव्ह, जेमतेम ६ एमबी शिल्लक. ड्राइव्हस्पेस (डॉससोबत येणारं, अख्खी ड्राइव्ह दाबणारं टूल) नको, सगळं एका मोठ्या फाइलीत अडकतं आणि ती बिघडली की सगळंच जातं. म्हणून ईएक्सई, कॉम या प्रोग्रॅमच्या फाइली यूपीएक्सने दाबायच्या आहेत; हे टूल फाइल लहान करतं आणि ती चालवताना आपोआप उलगडते. कशाला हात लावू नये?

सेक्टर५१२:
आधी क्लस्टर बघा, म्हणजे फाइलीला डिस्कवर मिळणारा जागेचा सगळ्यात लहान तुकडा. एवढ्या मोठ्या फॅट१६ (डॉसची फाइल मांडणी) पार्टिशनवर तो ८ केबीचा असतो. २३ केबीची फाइल २४ केबी अडवते. दाबून १७ झाली तरी २४च. उलट ६१ची ३८ झाली, तर ६४ऐवजी ४०, म्हणजे तीन क्लस्टर मोकळे. मोठ्या फाइली आधी घ्या, ८ केबीच्या आतल्या सोडूनच द्या.

यूपीएक्सचा 'बेस्ट' (जास्तीत जास्त दाबणारा) पर्याय ४८६ प्रोसेसरवर फार वेळ खातो, तेवढं काम नव्या मशीनवर उरका. उलगडायला ४८६ला जड जात नाही. 'के' पर्यायाने मूळ प्रत राहते. 'टी'ची तपासणी फक्त डेटा नीट उलगडतो का तेवढंच बघते. प्रोग्रॅम डॉसमध्ये चालवून, त्यात एक फाइल सेव्ह करून मगच मूळ प्रत उडवा.

हेक्सएडिटर:
कमांड डॉट कॉमला, म्हणजे डॉसच्या कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमला, अजिबात हात लावू नका. मोठा प्रोग्रॅम संपला की या फाइलीचा एक भाग डिस्कवरून पुन्हा मेमरीत येतो, तो मूळ रूपातच लागतो. ईएक्सईच्या शेपटीला ओव्हरले (लागेल तेव्हा वाचायचा जास्तीचा भाग) जोडलेले प्रोग्रॅमही नकोत: यूपीएक्स ती शेपटी जशीच्या तशी ठेवतं, पण प्रोग्रॅम ती जुन्याच जागी शोधतो आणि अडकतो. सेटिंग स्वतःच्याच ईएक्सईत लिहिणारे प्रोग्रॅमही तसेच. विंडोज ३.१चे १६ बिटी प्रोग्रॅम यूपीएक्स घेतच नाही. फाइल पुढे एक्सटीवर (८०८६ जातीच्या प्रोसेसरचा आणखी जुना पीसी) न्यायची असेल तर '८०८६' पर्याय द्या, नाहीतर किमान २८६ प्रोसेसर लागतो.

जुना४८६:
एक जुना प्रोग्रॅम न दाबताच 'पॅक्ड फाइल इज करप्ट' म्हणतो. फाइल खराब आहे?

हेक्सएडिटर:
नाही. ती बनवतानाच एक्सेपॅक या जुन्या दाबणाऱ्या टूलने दाबलेली आहे. डॉस हाय मेमरीत (१ एमबीच्या वरच्या भागात) गेलं की खालची जागा सुटते, प्रोग्रॅम पहिल्या ६४ केबीत चढतो. एक्सेपॅकचा उलगडणारा कोड तिथे १ एमबीनंतर पत्ता शून्यावर वळेल असं धरून चालतो. ए२० (१ एमबीच्या वरची मेमरी खुली करणारी पत्त्याची लाइन) उघडी असल्याने तो वळत नाही. प्रोग्रॅमच्या नावाआधी लोडफिक्स ही डॉसची कमांड लिहा, प्रोग्रॅम पहिल्या ६४ केबीच्या वर चढेल आणि चालेल. कायमचं हवं असेल तर आधी यूएनपी या उलगडणाऱ्या टूलने फाइल उलगडा, मग यूपीएक्स लावा.