व्हिनेगरात लसूण हिरवी पडली: जातीचा दोष की साठवणीचा?

रांदप_म्हापसा
शुक्रवारच्या बाजारातून दोन प्रकारची लसूण आणली. एक बारीक पाकळ्यांची, सालीला जांभळी झाक, विकणारी बाई तिला गावठी म्हणते. दुसरी घाटावरची, पांढरीशुभ्र, जाड पाकळ्यांची. दोन्ही सोलून एकाच दिवशी, एकाच माडाच्या व्हिनेगरात, वेगवेगळ्या बरण्यांत घातल्या. पाव किलोला दोन चमचे मीठ. चौथ्या दिवशी पांढरी लसूण मोरचुदासारखी हिरवी-निळी, जांभळी जशीच्या तशी. घरातले म्हणतात, ही चायनाची, केमिकल मारलेली. टाकून द्यायची का? आणि सोलकढीला जांभळीच्या दोन पाकळ्या पुरतात, पांढरीच्या चार घालूनही काही कळत नाही. हा जातीचाच गुण ना?

आंबट_बरणी
टाकू नका. हा रंग लसणीच्या आतलाच आहे, त्याने अपाय होत नाही. उत्तर चीनमध्ये थंडीत मुद्दाम अशी हिरवी लसूण मुरवतात आणि हिरवा रंग चढला नाही तर ती बिघडली म्हणतात. त्यामुळे घरच्यांचा संशय कुठून आला ते कळतं, पण हिरवी पडली म्हणजे चिनी, असं होत नाही. कुठलीही लसूण हिरवी पडू शकते.

होतं ते असं. लसणीत गंधकाचं मुख्य संयुग ॲलिन, कांद्यात आयसोॲलिन. लसणीतही आयसोॲलिन असतं, पण थोडं. गड्डे काही आठवडे थंडाव्यात राहिले की पाकळीची झोप मोडते, कोंबाची तयारी सुरू होते आणि साठवून ठेवलेल्या पेप्टाइडांतून (प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांतून) आयसोॲलिन सुटून वाढत जातं. अशी पाकळी व्हिनेगरात पडली की आम्लाने पेशींचे पडदे फाटतात, ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्या आयसोॲलिनपर्यंत पोचतं, आणि त्यातून निघालेले पदार्थ अमिनो आम्लांना धरून पायरोल नावाची संयुगं बनवतात. ॲलिनपासून बनणाऱ्या झणझणीत ॲलिसिनमुळे हे पायरोल एकमेकांना जोडले गेले की निळा रंग येतो. जोडीला पिवळा तयार झाला की दिसतो हिरवा. (कच्चा कांदा आणि लसूण एकत्र वाटून ठेवली तर वाटण हिरवट होतं, तेही यातलंच. आयसोॲलिन कांदा पुरवतो.)

म्हणून पांढरी शीतगृहातून आली असणार, असा माझा अंदाज. ताडून बघा: उरलेली एक पाकळी उभी चिरा. मधला कोंब हिरवा होऊन टोकाकडे सरकला असेल तर प्रश्न मिटला. पुढच्या वेळी असे गड्डे फ्रीजमध्ये न ठेवता स्वयंपाकघरात जाळीच्या टोपलीत तीन-चार आठवडे उबेला ठेवा, मग लोणचं घाला. घाई असेल तर सोललेल्या अख्ख्या पाकळ्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढा. विकर मरतं, रंग येत नाही, मात्र झणकाही जातो. तांब्या-पितळेचं भांडं व्हिनेगराला नकोच.

वाफा_आणि_वरवा
वरचं बरोबर आहे, फक्त जात अगदीच बाजूला सारू नका. आयसोॲलिन किती साठणार यात वाणावाणांत फरक असतो. प्रश्न हा की बाजारात वाण ओळखायचा कसा.

सालीच्या रंगावरून ओळखू नका. जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. तो वाणात असावा लागतो हे खरं, पण किती गडद उतरेल हे जमीन आणि थंडी ठरवते. तोच वाण दुसरीकडे जवळजवळ पांढरा निघतो. 'गावठी' हे तर वाणाचं नावच नव्हे.

आपली लसूण बी धरत नाही. फुलं वांझ, म्हणून पाकळीच लावायची, आणि प्रत्येक पाकळी म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. बी धरणारे प्रकार मध्य आशियात सापडले, तेही 1980 च्या दशकात. पिढ्यान् पिढ्या पाकळीतून लागवड झाल्यामुळे विषाणूही वारशाने येतात, आणि तोच वाण एका गावात जोमदार, दुसऱ्या गावात खुरटा दिसतो. लोक त्या दोघांना दोन जाती समजतात.

तिखटपणाचं म्हणाल तर वाणाइतकंच महत्त्व गंधकाला आणि पाण्याला. आपल्या पावसात जमिनीतलं सल्फेट धुऊन जातं. नुसतं डीएपी खत टाकणाऱ्याच्या वाफ्याला गंधक मिळतच नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 11 टक्क्यांच्या आसपास असतं, लसणीला तेच द्यावं. युरिया आणि पाणी भरपूर दिलं की पाकळी फुगते आणि पांचट होते. तुमची जाड पांढरी बहुधा त्यातली.

रांदप_म्हापसा
चिरून पाहिली. कोंब हिरवा, पार टोकापर्यंत. जांभळीत नाही. मग जांभळीच्याच पाकळ्या परसात लावल्या तर चालतील?

वाफा_आणि_वरवा
चालतील, फार आशा ठेवू नका. आपल्याकडे गोव्यात डिसेंबरात दिवस सव्वाअकरा तासांचा, जूनमध्ये तेराचा. म्हणून कमी दिवसमानाचेच, म्हणजे लहान दिवसांतही गड्डा धरणारे वाण घ्या: भीमा पर्पल, भीमा ओंकार, यमुना सफेद. ॲग्रीफाउंड पार्वती डोंगरातली, लांब दिवसाची. इथे तिचा नुसता पाला होईल. खरी अडचण थंडीची. थंडी कमी पडली की गड्डा पाकळ्यांत फुटत नाही, एकच गोल गोटी निघते. बारीक पाकळी लावली तरी तेच. 'एकपाकळी' म्हणून महाग विकतात त्यातली बरीच अशीच असते, वेगळी जात नव्हे. उपाय: बियाण्याचे गड्डे न फोडता महिनाभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग नोव्हेंबरात बाहेरच्या जाड पाकळ्या तेवढ्या लावा. टोक वर, 15 बाय 10 सेंटिमीटर. माती आंबट असेल तर आधी चुना. काढणीआधी दोन आठवडे पाणी बंद.

आंबट_बरणी
सोलकढीचं राहिलं. लसूण कोकमाच्या आगळात टाकून वाटत असाल तर तिथेच चूक होते. ॲलिन आणि ॲलिनेज पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, ठेचल्यावर भेटतात आणि मिनिटभरात बहुतेक ॲलिसिन होऊन जातं. पण पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त) 3.5 च्या खाली गेला की विकर बंद पडतं. (बरणीतल्या अख्ख्या पाकळीत आम्ल हळूहळू शिरतं, म्हणून तिथे ते चालतं.) म्हणून आधी पाकळी कोरडी ठेचा, पाच मिनिटं ठेवा, मग नारळाच्या रसात, आणि आगळ शेवटी. पांढरीच्याही दोन पाकळ्या कळतील. रेशादचा मसालाही तसाच: लसूण आधी वाटायची, व्हिनेगर मागून.

आणि उरलेली सोललेली लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नाही, आम्ल नाही, बोट्युलिनम या विषारी जिवाणूला नेमकं तेच हवं असतं. 1985 मध्ये व्हँकुव्हरच्या एका हॉटेलात अशा लसणीने तीसहून जास्त लोकांना विषबाधा झाली होती, आणि वासावरून काही कळत नाही. व्हिनेगरात ठेवा. सुटं माडाचं व्हिनेगर पातळ केलेलं असू शकतं, तेव्हा पीएचची पट्टी बुडवून बघा. लोणच्याचा रस 4 च्या खाली हवा.