धुळीचं वादळ हवा धुतं?

वातकुक्कुट: रेतीकण यांनी काल लिहिलं, "धुळीचं वादळ आलं की नायट्रोजन डायऑक्साईडचा आकडा उतरतो. धूळ तो वायू शोषते, म्हणजे हवा धुऊन निघते." हे वाचून राहवलं नाही.

आधी हिशोब करा. घनमीटरला १००० मायक्रोग्रॅम धूळ, कण ३ मायक्रॉनचे, घनता २.६. एवढ्या धुळीचं पृष्ठफळ भरतं जेमतेम ८ चौरस सेंटीमीटर. अंधारात या वायूचे दहा लाख रेणू धुळीवर आपटले तर फार तर एखादा चिकटतो. या गतीने वायूला ओहोटी लागायला पाच महिने हवेत, आणि वादळ दोन दिवसांत सरतं. आकडा उतरतो तो वाऱ्यामुळे. वारा शहराचा धूर पुढे ढकलतो.

धुळीशी खरी गाठ पडते ती या वायूपासून हवेत बनणाऱ्या नायट्रिक आम्लाची, आणि तीही काही मिनिटांत. धुळीतला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल घेतो. कार्बन डायऑक्साईड सुटतो, कॅल्शियम नायट्रेट उरतं. ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि खडबडीत कणाचा गोल थेंब होतो. नायट्रोजन हवेतच राहिला, फक्त वायूतून कणात गेला. याला धुणं म्हणायचं?

रेतीकण: तुम्ही रात्र विसरलात. सूर्य मावळला की नायट्रोजन डायऑक्साईडपासून डायनायट्रोजन पेंटॉक्साईड बनतो. तो तुमच्याच १००० मायक्रोग्रॅम धुळीवर वीसेक मिनिटांत बसतो. म्हणजे आडवाटेने का होईना, धूळ तोच वायू खाते.

वातकुक्कुट: रात्रीची वाट मान्य. पण ती गावाबाहेर. रस्त्यालगत गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साईड असतो. पेंटॉक्साईड बनायला नायट्रोजन डायऑक्साईडला नायट्रेट रॅडिकल हा जोडीदार लागतो. नायट्रिक ऑक्साईड त्यालाच आधी मारतो, मग पेंटॉक्साईड बनणार कशातून? तुमचे आकडे तर चौकातल्या हवा मोजणाऱ्या केंद्राचे.

खारावारा: दोघेही किनारा विसरताय. जानेवारी २०२२ मध्ये कराचीकडची धूळ समुद्रावरून मुंबईत उतरली. अशा नमुन्यात जाड कणांत नायट्रेट दिसलं की लगेच धुळीच्या नावे मांडायचं, ही सवय चुकीची आहे. मिठाचा कणही नायट्रिक आम्ल घेतो, सोडियम नायट्रेट होतं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल उडून जातं. समुद्राच्या पाण्यात क्लोराईड-सोडियमचं वजनी प्रमाण १.८ आहे. नमुन्यात ते घटलं असेल तर तेवढं नायट्रेट आधी मिठाच्या खाती टाका.

गाळणकागद: खाती नंतर वाटा. ते नायट्रेट हवेत बनलं की कण गोळा करणाऱ्या फिल्टरच्या कागदावर, हे कोणी तपासलं? क्वार्ट्झचा फिल्टर २४ तास चालतो. पहाटे बसलेल्या चुन्यावरून दिवसभर नायट्रिक आम्लाची हवा जाते, म्हणजे अभिक्रिया कागदावरच होते. भरीला दुपारी कागद तापतो, बारीक कणांतलं अमोनियम नायट्रेट उडतं आणि त्यातलं आम्ल शेजारच्या कॅल्शियमला चिकटतं. बारीक कणांतलं नायट्रेट अहवालात "धुळीचं" म्हणून छापलं जातं!

खारावारा: म्हणजे आजवरची सगळी मोजमापं फेकून द्यायची? काहीही काय बोलता!

गाळणकागद: फेका म्हटलं नाही, नीट मोजा म्हटलं. पुढे डिन्यूडर, म्हणजे आतून सोडियम कार्बोनेट लावलेली नळी, तो वायुरूप आम्ल अडवतो. मग फिल्टर, मागे नायलॉनचा, उडालेलं पकडायला. जाड आणि बारीक कण वेगळ्या कागदांवर घ्या, म्हणजे देवाणघेवाण थांबते. मात्र जाड कण डिन्यूडरच्या वळणावर आपटून गळतात, म्हणून नळी सरळ, उभी ठेवा.

रेतीकण: बरं, "धुते" हा शब्द मागे घेतो. पण कॅल्शियमवरून जास्तीत जास्त किती नायट्रेट धुळीचं, एवढं तरी ठरतं ना? १ मायक्रोग्रॅम कॅल्शियम ३.१ मायक्रोग्रॅम नायट्रेट धरतं.

गाळणकागद: ती वरची मर्यादा झाली. तीही सल्फेटच्या वाट्याचं कॅल्शियम वजा केल्यावर, कारण जिप्सममधलं, म्हणजे कॅल्शियम सल्फेटमधलं, कॅल्शियम नायट्रिक आम्लाला दाद देत नाही. शिवाय पाण्यात काढलेल्या अर्कात न विरघळलेला चुना मागे राहतो. पाण्याचा आणि आम्लाचा, असे दोन अर्क काढा आणि मग बोला.